पहिली काठी हातात देण्याआधी

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

तिथे सेबूत, होस्टेलवरच्या डॉक्टरकी शिकणाऱ्या आपल्याकडच्या दहा-बारा मुलींना तू एस्क्रिमा, म्हणजे फिलिपिन्सची काठीने लढायची विद्या, शिकवणार, हे वाचून फार बरं वाटलं. सहा आठवडे, आठवड्यातून दोन वेळा, एकेक तास. एवढ्यात काय काय बसेल, असं तू विचारलं आहेस. काय बसवायचं नाही, ते आधी सांगते.

सिनावाली पहिल्या महिन्यात काढूच नकोस. बांबूच्या कामट्यांचा विणलेला तट्टा म्हणजे सवाली, त्यावरून हे नाव. दोघींच्या दोन-दोन काठ्यांचा ठेका जमला की ती सुंदर दिसते आणि मुलींना वाटतं, आपल्याला लढता येऊ लागलं. पण विणीत पुढचा धागा कुठून जाणार हे दोघींनाही आधीच ठाऊक असतं. रस्त्यात आडवा येणारा माणूस ठेका धरून येत नाही, आणि तो आपल्या काठीला काठी टेकवायलाही येत नाही. सिनावालीने डावा हात तयार होतो, खांदे मोकळे होतात, तेव्हा ती पुढे जरूर शिकव. मात्र जिला बारा तासांत स्वतःला वाचवता यायला हवं, तिचे चार तास त्यात घालवू नकोस. रात्री उशिरा वॉर्डातून परतताना, पाय गळून गेलेले, पाठीवर सॅक आणि मनात भीती असताना मुलीला जे करता येईल तेवढंच तिला आलं, असं मी धरते. बाकीचं चांगला व्यायाम आहे.

फिलिपिनो पद्धतीत शस्त्र आधी येतं आणि रिकामा हात नंतर. कराटेच्या वर्गातून आलेल्या मुलींना हे उलटं वाटेल, त्यांना कारण सांग. काठी समोर असली की अंतर डोळ्यांना दिसतं, हल्ला कुठल्या रेषेने येतोय ते कळतं आणि हात आपोआप सावध राहतो. पुढे तीच रेषा छत्रीने चालते, पाण्याच्या बाटलीने चालते, नुसत्या पंज्यानेही चालते. म्हणून फटक्यांच्या बारा कोनांच्या मागे लागू नकोस. पाचच घे: वरून उजवा, वरून डावा, कमरेवर उजवा, कमरेवर डावा आणि पोटात सरळ भोसकणं. घराण्यागणिक आकडे बदलतात, त्यामुळे कुणी दुसऱ्या क्रमाने शिकली असेल तर वाद घालू नकोस.

पहिला फटका मात्र घाईने उरकू नकोस, बाकीचे चार त्यातूनच निघतात. वेताची काठी 28 इंच लांब आणि साधारण एक इंच जाड. मुठीखाली दोन-तीन बोटं काठी बाहेर राहू दे, तेच पुन्यो. अगदी जवळ आलेल्या माणसावर तेच चालतं. अंगठा बोटांवरून गुंडाळलेला हवा. काठीच्या लांबीवर सरळ ठेवला तर पकड सैल होते आणि पहिल्या जोरकस धडकेला अंगठाच दुखावतो. फटका सुटताना आधी पुन्यो समोरच्याकडे वळतं, मग कोपर पुढे जातं आणि शेवटी मनगट फिरून टोक येतं. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे मारण्याआधी काठी मागे नेणं. मुलीला त्यात जोर वाटतो, समोरच्याला मात्र अर्धा सेकंद आधी वर्दी मिळते. कोल्हापूरकडच्या कुणी लाठी फिरवलेली असेल तर तिच्यात ही सवय हमखास असणार. लाठीचा मोठा फेर दोन्ही हातांचा आणि लांब पल्ल्याचा असतो. इथे तो अंग उघडं टाकतो. दुसरी चूक फटक्याच्या शेवटी कोपर ताठ करण्याची. हवेत शंभर फटके असे मारले की दुसऱ्या दिवशी कोपराची बाहेरची बाजू ठणकते. म्हणून हवेत कमी आणि जुन्या टायरवर जास्त मारायला लाव, वीस-वीसचे तीन फेरे. टायर काठी परत फेकतो, त्यामुळे पकड सैल असली तर तिथेच कळते.

डाव्या हातावर तुझं सतत लक्ष हवं. नवशिक्यांचा तो लोंबकळतो, नाहीतर स्वतःच्याच काठीच्या वाटेत येऊन बोटं ठेचून घेतो. तो छातीच्या मध्यावर, पंजा आत, हनुवटीखाली वीतभर. समोरच्याचा हात थोपवायचं, ढकलायचं आणि सांभाळायचं काम त्याचंच. त्याला जिवंत हात म्हणतात ते उगीच नाही.

आता माझ्या मते मुख्य गोष्ट. फटका काठीवर नाही, काठी धरलेल्या हातावर मारायचा. सापाचे दात पाडणं म्हणतात ते हेच. हाताच्या पाठीवर हाडांवरून नुसती कातडी आणि शिरा, हे मी तुला काय सांगावं! जुन्या तालमीत हातावरच मारत, आणि सुजलेली बोटं घेऊन शिष्य पळून जात. रेमी प्रेसास यांनी मॉडर्न आर्निस या आपल्या काठीच्या पद्धतीत सरावापुरता फटका काठीवर घ्यायला लावला. त्यामुळे माणसं टिकली. पण त्याबरोबर एक खोटी सवयही लागू शकते, डोळे समोरच्याच्या काठीला चिकटतात. म्हणून सरावातही अंतर असं ठेव की अर्धं पाऊल पुढे टाकलं तर फटका पंज्यावर पडेल, आणि दर दहा फटक्यांनी ‘कुठे बघत होतीस?’ असं विचार.

प्रतिकार पायरीपायरीने वाढव. आधी कोन ठरलेला आणि वेळही ठरलेली. मग कोन तोच, पण वेळ समोरचीच्या मर्जीची. मग दोन कोनांपैकी कुठलाही. मग मास्क आणि फोमची काठी घेऊन दहा सेकंद खरोखर मारण्याचा प्रयत्न. पहिल्या पायरीवर तरबेज झालेली मुलगी चौथीवर गोंधळते. तिला लगेच नवी युक्ती शिकवायचा मोह आवर आणि तिसऱ्या पायरीवर परत आण. हुबुद-लुबुद, म्हणजे जोडीने ठेक्यात हात अडवायचा-सोडवायचा सराव, घेतलंस तरी हाच नियम. ठेका लागला की एकीने मध्येच ढकलायचं, केस ओढायचे, मागे सरून पळायचं.

पायांसाठी जमिनीवर टेपने दोन-दोन फूट बाजूंचा त्रिकोण आखून दे. घाबरलेलं माणूस सरळ मागे जातं, आणि पुढे येणारा मागे जाणाऱ्यापेक्षा नेहमी वेगात असतो. तिरकं सरायची सवय पहिल्याच तासाला लाव.

चाकूचा तास तिसऱ्या आठवड्यात घे आणि एकच प्रयोग कर. सगळ्यांना जुने पांढरे टी-शर्ट, एकीच्या हातात लाल मार्कर. चष्मा लावायचा आणि चेहरा वर्ज्य. मार्करवालीला सांग, हात पुढे धरून थांबू नकोस, टोचून मागे घे, परत टोच. वीस सेकंदांनी थांबव. मनगटाच्या आतल्या बाजूला, दंडावर, मानेच्या कडेला किती रेघा आहेत ते प्रत्येकीला आपल्या तोंडाने मोजू दे. त्या रेघांखाली कुठली रक्तवाहिनी जाते, हे तुझ्या वर्गातल्या मुली इतर कुणाहीपेक्षा नीट सांगतील. त्यानंतर चाकू हिसकावण्याचे डाव बघायची हौस राहत नाही. ते डाव पुढच्या वर्षीच्या अभ्यासात असू देत. आत्ता शिकवायचं ते एवढंच: मोबाईल किंवा पाकीट मागितलं तर देऊन टाका, तेही हातात न देता बाजूला फेकून आणि उलट दिशेला पळून. पळायला जागा नसेल तर सॅक छातीसमोर ढालीसारखी, आणि ओरडणं. ओरडण्याचाही सराव करून घे. पहिल्या वेळी आवाज फुटतच नाही.

कायदा अर्धा तास घे. फिलिपिन्सच्या दंडसंहितेचं कलम 11 स्वसंरक्षणासाठी तीन गोष्टी बघतं: बेकायदा हल्ला समोरून झालेला असावा, तो थोपवायला वापरलेला उपाय प्रसंगाला धरून असावा, आणि आपण समोरच्याला पुरेसं डिवचलेलं नसावं. माणूस पळू लागला की पहिली अटच संपते, मग मारलेला फटका आपल्याच अंगावर येतो. घराबाहेर चाकू बाळगणं तिथे बातास पाम्बान्सा क्रमांक 6 खाली गुन्हा आहे, पोटापाण्याच्या कामाचं अवजार असेल तरच सूट. त्या यादीत बालिसाँग म्हणजे घडीचा चाकू आणि बोलो म्हणजे कोयता आहेत, तसा सोटाही आहे. तेव्हा ‘पर्समध्ये काहीतरी ठेवा’ असा सल्ला तुझ्या तोंडून जाऊ नये. काठ्या सरावाच्या जागीच ठेव. गावी परतल्यावर मुलींना भारतीय न्याय संहितेची कलमं 34 ते 44 लागू होतील, तीही वाचून दाखव.

आपल्याकडच्या मुली एक प्रश्न नक्की विचारतील: या विद्येला ‘काली’ म्हणतात, ते कालीमातेवरून का? तसा काही पुरावा नाही, स्पष्ट सांग. सेबूत एस्क्रिमा हाच शब्द चालतो, आणि तो स्पॅनिशमधून आला आहे. 27 एप्रिल 1521 ला समोरच्या मक्तान बेटावर तिथला सरदार लापू-लापू याच्या माणसांनी दर्यावर्दी मॅगेलनला मारलं, ते एस्क्रिमाने, असंही ठोकून देऊ नकोस. मॅगेलनबरोबर असलेल्या पिगाफेटाने भाले, बाण, दगड नोंदवले आहेत. खरा इतिहास तुझ्या दाराशी आहे. दोसे पारेस ही एस्क्रिमाची संस्था 1932 मध्ये सेबूतच स्थापन झाली, आणि बालिन्तावाक या घराण्याला हे नाव पडलं ते त्याचे संस्थापक आन्सिओंग बाकोन जिथे शिकवत त्या रस्त्यावरून. ‘गुरो’ हा शब्द मात्र आपल्या ‘गुरू’चाच, ते खुशाल सांग.

काठ्या घेताना वेताच्याच घे. वेत आतून भरीव असतो, झिजला की त्याच्या तंतूंचा कुंचा होतो. बांबू फुटतो आणि त्याच्या चिरफळ्या डोळ्याकडे उडतात. तरीही चष्म्याशिवाय कुणालाही जोडीत उभं करू नकोस. फोमच्या काठीसाठी अर्ध्या इंचाचा प्लास्टिक पाईप 24 इंच कापून घे, त्यावर एसीच्या नळीला लावतात तो फोम चढव, वरून कापडी टेप. फोम दोन्ही टोकांना पाईपच्या दोन इंच पुढे राहू दे आणि ती पोकळी चिंध्यांनी ठासून भर, नाहीतर भोसकताना पाईपची कड लागते. दर आठवड्याला टोकं दाबून बघ. आत पाईप हाताला लागला की ती काठी बाद.

तुझी,
आई

ता. क. पहिल्या फोम-फेरीनंतर कोण कुठल्या पायरीवर अडली ते लिहून पाठव. पुढचे तास त्याप्रमाणे ठरवू.