‘मनमिळावू’ नव्हे, ‘मनमिळाऊ’

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रत्नागिरी-चिपळूणकडच्या श्रद्धांजलीच्या बॅनरवर आणि स्थळांच्या जाहिरातींत ‘मनमिळावू’ सर्रास छापलं जातं. ते ‘मनमिळाऊ’ हवं. धातू ‘मिळ’, त्याला ‘आऊ’ प्रत्यय; टिक-टिकाऊ, लढ-लढाऊ, तसंच. ‘धावू’, ‘जेवू’ यांच्या मूळ धातूतच ‘व’ आहे, म्हणून तिथे ‘वू’. बोलताना फरक जाणवत नाही, म्हणून लिहिताना चूक होते.

यातलं ‘मिळणं’ लाभण्याचं नव्हे, एकत्र होण्याचं. काजळी नदी भाट्याला समुद्राला मिळते, त्या अर्थाचं. गजाली रंगवणारा प्रत्येक जण मनमिळाऊ नसतो, तो नुसता बोलकाही असेल. वाडीत चौघांशी ज्याचं मन जुळतं, तो मनमिळाऊ. आपल्या जाहिरात विभागानेही मजकूर घेताना हे अक्षर तपासावं, ही विनंती.

– एक मराठी शिक्षक, रत्नागिरी