‘नो डाउट’चे यश एका रात्रीतले नव्हते

महोदय,

नव्वदच्या दशकातील पाश्चात्त्य संगीतावरचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख आवडीने वाचला. मात्र ‘ट्रॅजिक किंगडम’ हा ‘नो डाउट’ या बँडचा अल्बम असताना त्यात तो बँडची गायिका ग्वेन स्टेफानी हिच्या एकटीच्या नावावर टाकला आहे आणि त्याचे यशही एका रात्रीतले ठरवले आहे, हे खटकले.

कॅलिफोर्नियातील अनाहाइममध्ये १९८६ साली हा बँड उभा राहिला, तो ग्वेनचा भाऊ एरिक आणि गायक जॉन स्पेन्स यांच्या पुढाकाराने. पुढच्याच वर्षी स्पेन्स हे जग सोडून गेला. १९९२चा पहिला अल्बम पडला, कारण रेडिओवर तेव्हा ग्रंज या रॉकप्रकारातील जड गिटारींचे राज्य होते आणि ‘स्का’ या ट्रम्पेट-ट्रॉम्बोनच्या नाचऱ्या संगीताला तिथे जागा नव्हती. रेकॉर्ड कंपनी चालढकल करू लागली, तेव्हा या मंडळींनी १९९५मध्ये स्वतःच एक अल्बम काढून विकला. त्याच ऑक्टोबरात ‘ट्रॅजिक किंगडम’ आला, पण तोवरचा मुख्य रचनाकार असलेला एरिक अ‍ॅनिमेशनच्या कामासाठी बँड सोडून गेला होता. अमेरिकी विक्रीच्या यादीत हा अल्बम पहिल्या क्रमांकावर पोहोचला तो चौदा महिन्यांनी, १९९६च्या डिसेंबरात. आणि १९९७च्या ग्रॅमीसाठी ‘सर्वोत्कृष्ट नवोदित कलाकार’ या गटात त्यांना नामांकन मिळाले, तेव्हा बँडला दहा वर्षे होऊन गेली होती!

या अल्बममधील ‘डोन्ट स्पीक’ हे गाणे अमेरिकी रेडिओच्या यादीत सोळा आठवडे अव्वल राहिले. त्यात स्का जवळजवळ नाहीच, म्हणून बँडने बाजारापुढे मान तुकवली असे म्हटले जाते. मला ते पटत नाही. ग्वेन आणि बासवादक टोनी कनाल यांचे नाते तुटले, त्यातून ते गाणे आले, आणि ज्याच्याविषयी ते आहे तोच भारतीय वंशाचा टोनी मंचावर तिच्या शेजारी उभा राहून ते वाजवत असे. ज्याला स्का हवा असेल त्याने याच अल्बममधील ‘स्पायडरवेब्स’ ऐकावे: ‘एक-आणि-दोन-आणि’ असे मोजत गेल्यास गिटारचा तुटक फटका ‘आणि’वर पडतो, आणि जमैकात पन्नाशीच्या दशकाअखेरीस जन्मलेली ती चाल लगेच ओळखू येते.

माध्यमांचा कॅमेरा एकट्या ग्वेनकडे वळतो, ही बाकीच्यांची सल ‘डोन्ट स्पीक’च्या चित्रफितीतच दाखवलेली आहे. अल्बमच्या मुखपृष्ठावर लाल पोशाखातील ग्वेन पुढे आहे, आणि तिच्यामागे संत्र्यांच्या बागेत तिचे साथीदार उभे आहेत. आपल्या लेखासोबत ते चित्र केवळ ग्वेनपुरते कापून छापले आहे. पुढच्या रविवारी ते पूर्ण छापावे, आणि खाली टोनी कनाल, गिटारवादक टॉम ड्युमाँट व ड्रमवादक एड्रियन यंग यांची नावे द्यावीत, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, सांगली