तीन रविवार का येता आलं नाही

इंदूर, गुरुवार

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

देवास तासाभरावर, तरी तीन रविवार मी आले नाही. बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, "पाच कपडे शिवायला इतके दिवस?" फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते. आई, तू एका दुपारी ब्लाउज शिवून मोकळी होतेस, तेव्हा तुलाही हे नवलच वाटत असेल. पण तुझ्या ब्लाउजचा कागद वर्षानुवर्षं तयार आहे. इथे कॉलेजच्या ज्युरीसाठी, म्हणजे परीक्षकांपुढे मांडायला, प्रत्येक कपड्याचा कागद नव्याने काढायचा असतो.

बाबा, तुम्हाला हिशोब आवडतो, तर हा घ्या. एका कपड्याचा कागदी नमुना 8 तास, मांजरपाटावर, म्हणजे साध्या सुती कापडावर, कच्ची शिलाई 6, फिटिंगच्या दुरुस्त्या परत कागदावर उतरवणं 4, कटाई 4, शिलाई 14, काज-बटणं, आतली सफाई आणि इस्त्री 6. झाले 42. पाचांचे 210. तीन आठवड्यांत रोज 10 तास, कॉलेजचे तास सोडून.

मांजरपाटाची पायरी गाळावी, असा मोह सगळ्यांनाच होतो. पण मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, एक सेंटिमीटर खोल गेला तर तो मांजरपाटावर कळलेला बरा, चंदेरीवर नाही. त्यातही मांजरपाट ताठ आणि चंदेरी सुळसुळीत, म्हणून खांदा-छाती मांजरपाटावर बघायची आणि घेर कसा पडतो ते मऊ मलमलीवर.

कापड घरात आलं की लगेच कात्री लावता येत नाही. सुती अस्तर 4 टक्के आटलं तर 120 सेंमीच्या कुर्त्यात जवळजवळ 5 सेंमी जातात. वरचं कापड तेवढं आटत नाही, अस्तर खालून ओढतं आणि घेराला चुण्या पडतात. म्हणून अस्तर रात्रभर भिजवायचं, सावलीत वाळवायचं आणि जरा ओलसर असतानाच उभ्या धाग्याने इस्त्री करायची. दोन दिवस यात जातात आणि बघणाऱ्याला वाटतं, काहीच काम झालं नाही.

चंदेरी हातात धरली की सरकते. खाली वर्तमानपत्र घालून कागदासकट कापायची, टाचण्या फक्त मायेत, म्हणजे शिवणीबाहेरच्या कडेत, टोचायच्या, सुई 9 नंबरची, टाका 2 मिमीचा. सुई बोथट झाली की धागा ओढला जाऊन सबंध पन्ह्यावर रेघ उमटते, ती मग जात नाही. कापड पारदर्शक, त्यामुळे आतली कड उघडी ठेवता येत नाही. माया 1.5 सेंमी. आधी उलट्या बाजू एकमेकींना लावून 7 मिमीवर टीप, कड 4 मिमीपर्यंत छाटायची, कापड उलटवून दाबायचं, मग 8 मिमीवर दुसरी टीप. प्रत्येक शिवण दोनदा, इस्त्रीही दोनदा. शिलाईचे 14 तास असे होतात. आणि उरेब, म्हणजे तिरका कापलेला, घेर किमान 24 तास टांगून ठेवल्याशिवाय खालची पट्टी दुमडायची नाही. उरेब भाग आपल्याच वजनाने उतरतो. घाई केली की घेर दोन बाजूंना लोंबतो.

काही गोष्टी आमच्या हातातच नसतात. महेश्वरला विणकराच्या मागावर एक ताणा, म्हणजे उभे धागे, बऱ्याच साड्यांचा असतो. चार मीटरसाठी तो ताण्याचा रंग बदलणार नाही, फार तर बाण्याचा, म्हणजे आडव्या धाग्यांचा, बदलेल. बाघ गावची ठशांची छपाई पावसात रखडते, कारण धुणं आणि उन्हात वाळवणं हाच तिचा प्राण. लग्नसराईत जरदोजीचे कारागीर आधी नवरीचं काम घेतात, आणि त्यात त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही. वर्षाचं पोट त्यावर असतं. ताण खरा इथला आहे. आमची ज्युरीची तारीख हलत नाही आणि त्यांचा वेग आम्ही वाढवू शकत नाही.

आई, तुला जागरणाची काळजी वाटते, ती रास्त आहे. बाहीला पुढून एक खूण आणि मागून दोन खुणा असतात. झोपाळलेल्या डोळ्यांना त्या सारख्याच दिसतात, डावी बाही उजवीकडे बसते आणि सकाळचे दोन तास उसवण्यात जातात. म्हणून रात्री बारानंतर मी फक्त हातशिलाई आणि पोर्टफोलिओची पानं करते, कात्री नाही. शिवाय पाचही कपडे एकदम शिलाईला न घेता आधी एक पूर्ण करते. त्यातली चूक मग उरलेल्या चारांत जात नाही. जेवण डब्याचं येतं, वेळेवर जेवते.

ज्युरी शनिवारी आहे. कॉस्टिंगचे कागद बाकी आहेत, बाबा, त्यातली बेरीज रात्री फोनवर तुम्हालाच वाचून दाखवीन. रविवारी सकाळच्या बसने येते. आई, जुन्या सुती चादरी बोहारणीला देऊ नकोस. पुढच्या सेमिस्टरच्या कच्च्या शिलाईला तीन तरी लागतील.

तुमची लेक