आशाताई, हे आभार जाहीर मानायचे होते

ताई, नमस्कार. समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही "कामच हाय वो माझं" म्हणता आणि पुढच्या दारात जाता, म्हणून आमच्या बाळाचा न्यूमोनिया वेळेत ओळखल्याबद्दल हे जाहीर पत्र. तुमचं नाव लिहीत नाही (आशा म्हणजे दारोदार फिरणारी आरोग्य स्वयंसेविका, ते कामाचं नाव झालं), तुम्हाला आवडायचं नाही, पण आमच्या गल्लीतल्या प्रत्येकाला कळेलच कुणाबद्दल आहे ते.

त्या दिवशी तुम्ही आला होता आमच्या आजीचा बीपी-शुगरचा फॉर्म भरायला, बाळाचा काही विषयच नव्हता. बहीण माहेरी आलेली, तिचं पोरगं पाच महिन्यांचं, नाक वाहतंय, खोकतंय, अंगावर नीट पीत नाही एवढंच आम्हाला दिसत होतं, आणि डिसेंबरात गुऱ्हाळं सुरू झाली की घराघरात कोण ना कोण खोकतच असतंय, सर्दीचं कोण एवढं मनावर घेतंय. तुम्ही मात्र पेन खाली ठेवलंत. टीव्ही बंद करायला लावलात, बाळाला आईच्या मांडीवर शांत होऊ दिलंत, झबलं वर सारलंत आणि मोबाईलवर एक मिनिट लावून नुसतं त्याच्या पोटाकडं बघत बसलात, ओठातल्या ओठात आकडे मोजत. मिनिटाला ६४ श्वास. मग म्हणालात, आत्ताच रडलंय, जरा थांबून परत मोजते, आणि परत पूर्ण मिनिटभर. ६२. श्वास आत घेताना बरगड्यांच्या खाली खड्डा पडत होता तो बहिणीला बोटानं दाखवलात. "दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाचं ५० किंवा त्याच्या वर गेलं की थांबायचं नाही, आणि हे तर दूधबी ओढंना, चला उठा."

पुढचं सगळं पटापट झालं. आरोग्य केंद्रात पायाला क्लिप लावली तर ऑक्सिजन ८६, तिथंच इंजेक्शन, तिथंच ऑक्सिजन, आणि १०८ मधून थेट कोल्हापूरचं सीपीआर, म्हणजे मोठं सरकारी हॉस्पिटल. तुम्ही गाडीत बसून सोबत आलात, घरी तुमची पोरं जेवायची थांबली असणार. बाळ आता एकदम मस्त आहे, पायाचे अंगठे तोंडात घालून पडलेलं असतं.

वॉर्डाबाहेर बसून मी न्यूमोनियाबद्दल जे मिळेल ते वाचत होतो. २०१९ या एका वर्षात जगभरात पाच वर्षांखालची ७ लाखांहून जास्त पोरं ह्यानं गेली. सुन्न झालो. औषध साधं अमॉक्सिसिलिन, महाग अजिबात नाही, पण आजार वेळेत ओळखणारं माणूसच दाराशी पोचत नाही म्हणून पोरं जातात. एक्स-रे नाही, स्टेथोस्कोप नाही, तिथं नुसते श्वास मोजून न्यूमोनिया ओळखता येतो हे ८० च्या दशकात पापुआ न्यू गिनीतल्या डॉक्टरांनी दाखवलं, मग डब्ल्यूएचओनं ते जगभर नेलं. आणि आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच साध्या माणसांना ते शिकवून बालमृत्यू कमी करून दाखवले, १९९० ला ते लॅन्सेटमध्ये छापून आलं. ज्यांना आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मणी आणि वाळूचं घड्याळ लावलेलं साधन केलं होतं त्यांनी. ताई, एवढं सगळं संशोधन आमच्या सोप्यात आलं ते तुमच्या त्या दोन मिनिटांतून. ते तिथवर आणणारं कुणी नसतं तर आम्हाला त्याचा काय उपयोग होता?

लसीचंही तसंच. बाळाचे न्यूमोकोकलचे दोन डोस, दीड महिन्याचा आणि साडेतीन महिन्यांचा, झालेले होते, तरी कसं झालं म्हणून बहीण रडत होती. तुम्ही तिला समजावलंत की न्यूमोनिया कैक जंतूंनी होतो, व्हायरसनंही होतो, ही लस त्यातल्या सगळ्यात घातक, न्यूमोकोकस नावाच्या जंतूपासून वाचवते, म्हणून नऊ महिन्यांचा बूस्टर चुकवायचा नाही. ही लस पूर्वी खाजगीत हजारो रुपये मोजून घ्यावी लागायची, २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात फुकट आहे, आणि पुण्याच्या सीरमनं स्वस्तातली बनवल्यामुळं गरीब देशांनाही परवडायला लागली. हे वाचून मला खरंच अभिमान वाटला.

आजीला तुम्ही धुरीबद्दल बोललात ते तर मी कधी विसरणार नाही. अंघोळीनंतर शेगडीवर ओवा-लसूण टाकून बाळाला धुरी द्यायची हे आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं, कुणी काही बोललं की आजी तोंड फिरवते. तुम्ही रागावला नाहीत. तुम्ही तिलाच विचारलंत, "आजी, चुलीपुढं बसून तुमची छाती भरते नव्हं? मग त्याची तर केवढीशी छाती." आजीनं दुसऱ्या दिवशी शेगडी माळ्यावर टाकली. शिवाय म्हाताऱ्या माणसांनाही न्यूमोनिया तेवढाच धोक्याचा हे आम्हाला तेव्हाच कळलं.

२०२२ ला डब्ल्यूएचओनं देशातल्या सगळ्या आशांना जागतिक पुरस्कार दिला. आणि आपल्याकडं अजून तुम्ही कागदावर स्वयंसेविका, पगार नाही, मानधन, त्यासाठीही मोर्चे काढावे लागतात. हे मला अजिबात पटत नाही आणि पुढच्या मोर्च्याला मी तुमच्याबरोबर येणार आहे.

एक विनंती आहे. आमच्या तालमीत गल्लीतल्या आया-आज्ज्या, आणि बाप लोकांनाही बोलवतो, त्यांना श्वास कसे मोजायचे ते एकदा शिकवा. वार तुम्ही सांगा, बाकी सगळं मी बघतो.

तुमचा,
बाळाचा मामा