खालच्या मजल्यावरच्या काकांना, सर्व्हर सांभाळायला शिकवलंत त्याबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलो की तुम्ही "चहा टाकायला सांगू का" म्हणून विषय बदलता, म्हणून हे इथं सगळ्यांसमोर लिहितोय. काकूंना वाचून दाखवायला सांगा, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मोबाईल कमी बघायला सांगितलाय हे मला माहितीये. आणि माझ्यासारखी बरीच पोरं आहेत, छोट्या ऑफिसात कॉम्प्युटर बघतात आणि एक दिवस डेटाबेस सर्व्हर अचानक अंगावर येतो, त्यांना यातलं काही कामी आलं तर तेही तुमच्यामुळंच.

आमचं काम दूध संकलन केंद्रांच्या सॉफ्टवेअरचं. सकाळ-संध्याकाळ दूध येतं, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) लागतं, त्यावर दर ठरतो आणि दर दहा दिवसांनी शेतकऱ्याचं बिल निघतं. हे सगळं एका पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसच्या सर्व्हरवर. २०१९ मध्ये तो सांभाळणारा मुलगा पुण्याला गेला आणि जाताना मला एका चिठ्ठीवर आयपी आणि पासवर्ड देऊन गेला. मी बी.कॉम., तोवर प्रिंटर आणि नेटवर्क बघत होतो, सिलेक्ट क्वेरी, म्हणजे डेटा नुसता काढून बघायची कमांड, लिहिता यायची एवढंच.

ती वीस तारखेची रात्र तुम्हाला आठवत असेल. दुसऱ्या दिवशी बिलं काढायची आणि साडेदहाला सर्व्हर बंद पडला. लॉगमध्ये पॅनिक आणि डिस्कवर जागा नाही अशी ओळ. मी घरून लॉगिन करून शोधत शोधत सगळ्यात मोठा फोल्डर काढला, पीजी एक्सलॉग, आत अडीच हजाराच्या आसपास फायली, एकेक बरोबर १६ एमबीची, सगळ्या मिळून ३८ जीबी. नावातच लॉग आहे म्हणजे जुने लॉग असणार, उडवले की जागा होईल असं वाटलं आणि फायली काढून टाकायची आरएम कमांड लिहूनसुद्धा झाली होती. पण मन धजावेना. तुम्ही बँकेच्या कॉम्प्युटर विभागातून रिटायर झालात एवढंच आई कधीतरी बोलली होती, म्हणून खाली येऊन बेल वाजवली. तुम्ही खांद्यावर पंचा तसाच ठेवून वर आलात, स्क्रीन बघितलीत आणि पहिलं वाक्य म्हणालात, "आधी हात काढ कीबोर्डवरनं."

मग तुम्ही जे सांगितलंत ते मला आजपर्यंत कुठल्याही पुस्तकात इतकं सरळ मिळालेलं नाही. विचारलंत, बी.कॉम. झालास ना, मग कीर्द आणि खतावणी सांग. मी म्हटलं, व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहितात, मग सवडीनं खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवतात. तुम्ही म्हणालात, हा फोल्डर म्हणजे कीर्द. डेटाबेसमध्ये कमिट झालं, म्हणजे व्यवहार पक्का केला, की आधी इथं लिहून डिस्कवर पक्कं करतात, टेबलच्या मूळ फायलीत नंतर चढवतात, आणि त्या चढवून संपल्याचा टप्पा म्हणजे चेकपॉइंट. वीज गेली, सर्व्हर पडला तर उठल्यावर तो कीर्द वाचून राहिलेलं चढवतो. "आता तू कीर्द फाडायला निघालायस, आणि खतावणी अर्धी आहे." माझ्या अंगावर काटा आला, खरंच. नंतर कळलं की नावात लॉग बघून फायली उडवणारे इतके निघाले की २०१७ च्या दहाव्या व्हर्जनमध्ये फोल्डरचं नावच बदलून पीजी वॉल केलं. आमचा सर्व्हर ९.६ होता, त्यामुळं जुनं नाव.

कीर्द एवढी साठली का, तर तिची प्रत एका एक्स्टर्नल डिस्कवर ठेवायची सोय आधीच्या मुलानं लावली होती, ती डिस्क ऑफिसात कुणीतरी दुसऱ्या कामाला काढून नेली, प्रत होईना आणि प्रत झाल्याशिवाय पोस्टग्रेस जुनी फाईल काढत नाही, बरोबरच आहे त्याचं. आपण त्याच पार्टिशनवरचे जुने इन्स्टॉलर उडवून ३ जीबी जागा केली, सर्व्हर उठवला, प्रतीची जागा दुसऱ्या मशीनवर लावून दिली, आणि तासाभरात फोल्डर आपोआप उतरत गेला. एकही फाईल हातानं काढावी लागली नाही. सव्वा वाजला होता. मी आता झोपायच्या विचारात आणि तुम्ही म्हणालात, "बॅकअप दाखव."

मी बॅकअपचा फोल्डर उघडला, रोज रात्रीची फाईल होती, तारीख बरोबर, नाव बरोबर. तुम्ही म्हणालात साईज बघ. २० बाइट. मागची बघितली, २०. पाच आठवड्यांच्या सगळ्या फायली २० बाइट. तेव्हा डोकंच बधिर झालं. झालं असं होतं की तो मुलगा गेल्यावर मी पासवर्ड बदलला, बॅकअपच्या स्क्रिप्टला मात्र जुनाच माहीत, म्हणून पीजी डंप, म्हणजे डेटाबेसची प्रत काढणारी कमांड, रोज रात्री फेल व्हायचं, पण त्याचं आउटपुट पाइपमधून (एका कमांडचं आउटपुट दुसरीला द्यायची सोय) फाईल झिप करणाऱ्या जीझिपला जात होतं आणि जीझिपनं काहीच आलं नाही ते काहीच नीट झिप करून ठेवलं. रिकाम्याची झिप २० बाइटची होते. आणि पाइपमध्ये शेवटच्या कमांडचा निकाल धरतात, शेवटची कमांड जीझिप, ती पास, म्हणून ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणाऱ्या क्रॉनला सगळं आलबेल वाटत होतं. स्क्रिप्टच्या वर सेट पाइपफेल लिहायचं, म्हणजे मधली कमांड फेल झाली तरी कळतं, साईज तपासायची आणि कमी भरली तर मेसेज यायला पाहिजे, हे त्या रात्री तुम्ही करून घेतलंत. मला ओरडला नाहीत. वहीत "२० बाइट" असं मोठं लिहून खाली दोन रेघा मारायला लावल्यात, ती वही अजून टेबलावर असते.

तेव्हाच तुम्ही गिटलॅबचं, म्हणजे प्रोग्रामरांचा कोड ठेवणाऱ्या कंपनीचं, वाचायला दिलंत. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या इंजिनिअरनं रात्री उशिरा दुसऱ्या सर्व्हरवरचा समजून मुख्य सर्व्हरचा डेटा फोल्डर काढला, पीजी डंपचे बॅकअप बघितले तर व्हर्जन जुळत नसल्यामुळं ते कधीपासून होतच नव्हते, शेवटी साधारण सहा तास आधीच्या एका स्नॅपशॉटवरून, म्हणजे डिस्कच्या त्या क्षणाच्या प्रतीवरून, उभं केलं. आणि त्यांनी ते सगळं उघडपणे लिहून लोकांसमोर ठेवलं. तुमचं म्हणणं होतं की एवढ्या मोठ्या लोकांकडं पाच प्रकारचे बॅकअप असून वेळेला ते निघत नाहीत, तर आपण रिस्टोर करून, म्हणजे बॅकअपमधून डेटाबेस परत उभा करून, बघितल्याशिवाय बॅकअप आहे असं तोंडानं म्हणायचं नाही.

म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रिस्टोर करून बघायचा नेम लागला. पहिल्या रिस्टोरला एररच एरर, रोल अस्तित्वात नाही, रोल अस्तित्वात नाही. पीजी डंप एका डेटाबेसचा डंप घेतो, युजर आणि रोल (कुणाला काय करता येतं ते ठरवणारी नावं) अख्ख्या सर्व्हरचे असतात ते त्यात येत नाहीत, त्यासाठी पीजी डंपऑल ग्लोबल्स ओन्ली वेगळं घ्यावं लागतं, हे मला खऱ्या संकटात कळलं असतं तर काय केलं असतं. दुसऱ्या महिन्यात रिस्टोर झाला, मी खुश, तुम्ही म्हणालात काउंट जुळव. प्रत्येक टेबलच्या ओळी मोजून, आणि वर एका बिलाच्या दहा दिवसांची बेरीज दोन्हीकडं काढून. तेव्हापासून दर पहिल्या रविवारी तुमचा फोन येतो आणि दोनच शब्द, "जुळला का?"

व्हॅक्यूम, म्हणजे पोस्टग्रेसची साफसफाई, तीसुद्धा हिशेबाच्या वहीवरूनच कळली. वहीत खाडाखोड करत नाहीत, आडवी रेघ मारून नवीन नोंद खाली घेतात, तसं पोस्टग्रेस अपडेट करताना जुनी ओळ तशीच ठेवून नवी ओळ लिहितो, म्हणजे त्या क्षणी कुणी जुना हिशेब वाचत असेल तर त्याला जुनाच सलग दिसतो. मेलेल्या ओळी साठतात, व्हॅक्यूम त्या जागा परत वापरायला मोकळ्या करतो पण वही पातळ होत नाही. व्हॅक्यूम फुल म्हणजे अख्खी वही नव्यानं उतरवून काढणं, तोपर्यंत दुकान बंद, टेबल वाचताही येत नाही, म्हणून संकलनाच्या वेळी ते चालवायचं नाही. आमच्या पावत्यांच्या टेबलमध्ये २ कोटी ओळी, बिल निघालं की दहा दिवसांच्या ओळींवर अदा झाल्याची खूण पडते, आणि आपोआप चालणाऱ्या ऑटोव्हॅक्यूमचा मूळ हिशेब २० टक्के, म्हणजे ४० लाख ओळी मरेपर्यंत तो उठतच नव्हता. तुम्ही त्या एकाच टेबलला २ टक्के करायला सांगितलंत आणि दुपारची रिपोर्टं हलकी झाली.

मेमरीचं मात्र मी तुम्हाला न विचारता केलं होतं. रिपोर्ट हळू चालतो म्हणून वर्क मेम, म्हणजे क्वेरीला कामापुरती मिळणारी मेमरी, ४ एमबीचं २५६ एमबी केलं आणि बिलाच्या दिवशी लिनक्सनं मेमरी संपली म्हणून पोस्टग्रेसचा प्रोसेसच मारला, सगळ्यांची कनेक्शनं तुटली. तुम्ही पंगत सांगितलीत. शेअर्ड बफर्स, म्हणजे सगळ्या कनेक्शनांची सामायिक मेमरी, हे स्वयंपाकघरातलं मोठं पातेलं, एकच, सगळ्यांचं, १६ जीबीच्या मशीनला ४ जीबी ठीक. वर्क मेम म्हणजे पानात वाढायचं, शंभर पानं मांडलीत तर शंभर वेळा वाढलं जाणार, आणि एकेका क्वेरीत दोन-तीन सॉर्ट (क्रम लावणं) असले तर एकाच पानात दोन-तीनदा. शंभर गुणिले २५६ केलं तेव्हा २५ जीबी आलं. आता जड रिपोर्ट काढणाऱ्या एका युजरलाच ते वाढवून दिलंय, बाकीच्यांना मूळचंच.

परवानग्यांचा रविवार थोडक्यात लिहितो, पण ज्यांचा सर्व्हर नवीन आहे त्यांनी तो आधी करावा. आमच्याकडं सगळं सॉफ्टवेअर पोस्टग्रेस नावाच्याच, सगळे अधिकार असलेल्या सुपरयुजरनं जोडलेलं होतं आणि कुणाला कसं आत घ्यायचं ते लिहिलेल्या पीजी एचबीए फाईलमध्ये वरच सगळ्या जगाला ट्रस्ट, म्हणजे पासवर्डशिवाय प्रवेश, लिहिलेलं, खाली कितीही कडक ओळी असल्या तरी वरून जी पहिली जुळते तीच लागू होते. तुम्ही ती ओळ बघून बराच वेळ काहीच बोलला नाहीत. मग संकलनाला वेगळा युजर, रिपोर्टला फक्त वाचणारा वेगळा, आणि सुपरयुजर फक्त सर्व्हरवरच बसून.

आणि दराच्या तक्त्याची गोष्ट. ऑफिसातल्या एकानं वेअर, म्हणजे कोणत्या ओळी बदलायच्या ती अट, न लावता अपडेट मारलं आणि प्रत्येक फॅटला एकच दर, म्हणजे ३.५ फॅट ८.५ एसएनएफचा जो दर तोच ५ फॅटच्या दुधालाही. बिल निघालं असतं तर म्हशीवाल्यांचं नुकसान झालं असतं. पण रात्रीचा डंप होता, तो चाललेल्या डेटाबेसवर न ओतता शेजारी नवीन डेटाबेस करून त्यात उघडला, तक्ता बघून घेतला, मग तेवढाच परत आणला. वीस मिनिटं. दोन वर्षांपूर्वीचा मी असतो तर त्या वीस मिनिटांत अजून काहीतरी बिघडवलं असतं. त्यानंतर ऑफिसात नियमच झाला, आधी बिगिन (व्यवहार सुरू करायची कमांड), मग त्याच वेअरनं सिलेक्ट करून ओळी मोजायच्या, मग अपडेट, खाली अपडेट १२ आलं आणि आपले १२ च होते तरच कमिट. आणि बिगिन करून चहाला जायचं नाही, कारण एकदा तसं झालं होतं आणि सगळी बिलं त्या एका लॉकसाठी अडकून बसलेली, मी प्रोसेसला किल नाईन, म्हणजे जबरदस्तीनं बंद करायची कमांड, मारायला निघालो तर तुम्ही फोनवरून थांबवलंत, त्यानं सगळ्यांचीच कनेक्शनं पडतात म्हणालात, आधी चालू कनेक्शनांच्या यादीत, पीजी स्टॅट अॅक्टिव्हिटीत, कोण बसलंय ते बघ, त्या माणसाला फोन कर, नाहीच उचलला तर पीजी टर्मिनेट बॅकएंड, त्यानं फक्त तेवढंच कनेक्शन तुटतं.

काका, तुम्ही मला कधी नुसती कमांड लिहून दिली नाहीत, आधी काय होतंय ते तूच वाच आणि मला सांग म्हणायचात, आणि मी चुकीचं सांगितलं तरी शेवटपर्यंत ऐकून घ्यायचात. पैसे विचारले तर काकूंना सांगून मला जेवायलाच बसवलंत. लेजरवर बसून सुरुवात केलेल्या माणसानं रिटायर झाल्यावर स्वतः पोस्टग्रेस शिकून घेतलं आणि ते सगळं मला दिलं, याचं ऋण माझ्यावर आहे आणि मला ते आवडतं.

आज पहिला रविवार. तुम्हाला फोन लावायला मनाई आहे म्हणून इथंच सांगतो. सकाळी सातला रिस्टोर लावला, ४७ मिनिटं लागली, गेल्या महिन्यात ४४ लागली होती, डेटा वाढतोय. रोल आधी चढवले, एकही एरर नाही. पावत्या जुळल्या, सभासद जुळले, गेल्या दहा दिवसांच्या बिलाची बेरीज पैशापर्यंत जुळली.

जुळला, काका.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा