गळाची काठी टेलिस्कोपिक नको, तुकड्यांची न्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांकडे इंग्लंडला जाणाऱ्या आई-वडिलांनी तिथे वेळ कसा घालवावा, यावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख आवडीने वाचला. गळ टाकून बसण्याचा त्यात उल्लेख आहे हे पाहून फार बरे वाटले, कारण लेकीकडे रेडिंगला गेलो की माझे दिवस पाण्याच्या काठानेच जातात. पण लेखातल्या दोन सूचना वाचून गप्प बसवेना. हँडबॅगेत मावणारी टेलिस्कोपिक काठी घ्यावी ही एक, आणि मे महिन्यात टेम्सकाठी बसावे ही दुसरी. पहिलीने पैसे वाया जातील आणि दुसरीने दंड होईल.

दंडाचे आधी सांगतो. ट्राउट आणि सॅल्मन सोडून गोड्या पाण्यातले बाकीचे मासे गळाने धरणे याला तिकडे कोर्स फिशिंग म्हणतात. इंग्लंडच्या नद्यांवर १५ मार्च ते १५ जून त्याला बंदी असते, माशांच्या विणीसाठी. आणि आपली माणसे नेमकी एप्रिल-मेमध्ये तिकडे जातात! त्या दिवसांत बहुतेक तळी आणि कालवे खुले असतात, तिथे बसावे. कुठेही बसा, १३ वर्षे आणि त्यापुढच्या प्रत्येकाला एन्व्हायर्न्मेंट एजन्सी या सरकारी संस्थेचा परवाना लागतो. एक दिवसाचा, आठ दिवसांचा किंवा वर्षाचा, ऑनलाइन मिळतो. विनापरवाना सापडलात तर २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय तो काठ ज्या क्लबचा किंवा मालकाचा असेल त्याचे तिकीट वेगळे.

आता काठीकडे येतो. मी आयुष्यभर लेथवर काम केले, त्यामुळे काठी हातात आली की नजर आधी सांध्यावर जाते. टेलिस्कोपिक काठीत नळीतून नळी बाहेर येते आणि ओढून घट्ट केली म्हणून अडकून राहते. काठावरची बारीक रेती आत गेली की ती धड पुरती बाहेर येत नाही, धड आत जात नाही. जावयांनी हौसेने आणलेल्या काठीचे असेच झाले. आम्ही दोघांनी दोन बाजूंनी ओढली तेव्हा शेंड्याची नळी, तंगूस ज्यातून जाते त्या कडीसकट फिरली, आणि त्यानंतर तंगूस कडीच्या कडेला घासू लागले. अशा बहुतेक काठ्यांत कड्या नळ्यांच्या टोकांनाच असतात. काठी वाकली की मधल्या भागात तंगूस तिला चिकटते, आणि मासा ओढत असताना तेच नको असते.

म्हणून सुट्या तुकड्यांची काठी घ्यावी. पण दुकानात नुसता ‘ट्रॅव्हल रॉड’ मागू नका. सात-आठ फुटांचा चार तुकड्यांचा स्पिनिंग रॉड पुढे करतात. तो चमच्याच्या आकाराचे धातूचे आमिष किंवा खोटा मासा फेकून ओढण्यासाठी असतो. अंगाने ताठ आणि आखूड. फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, लावून बसायचे तर पाण्यावर पसरलेले तंगूस उचलायला लांबी हवी, आणि रोच, ब्रीम या तिकडच्या माशांचे ओठ फाटू नयेत म्हणून काठी मुळापासून वाकणारी हवी. तिकडे मासा जिवंत परत सोडतात, त्यामुळे ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. गळसुद्धा उलटा काटा नसलेलाच लावावा.

काठीवर टेस्ट कर्व्हचा आकडा असतो. शेंडा काटकोनात वाकवायला किती वजन लागते, तो हा आकडा. माझा आग्रह ११ ते १२ फुटी, सव्वा पौंडाच्या एव्हन काठीचा, म्हणजे मुळापासून वाकणाऱ्या प्रकाराचा आहे. आकड्याला पाचाने गुणले की कितीचे तंगूस लावावे याचा अंदाज येतो. सव्वा पौंडाला सहा पौंडांचे. ब्रीम, टेंच, चब, आपण धरणावर ज्याला सायप्रिनस म्हणतो तो मध्यम कार्प, सगळे तिच्यावर छान निघतात. कार्पसाठी म्हणून विकतात त्या पावणेतीन-तीन पौंडांच्या काठ्या जड वजन लांब फेकण्यासाठी केलेल्या असतात. अशा काठीवर पाव किलोचा रोच लागला तर हाताला कळतही नाही. दोन शेंडे मिळत असतील तर जास्त चांगले: एक फ्लोटसाठी, दुसरा बारीक थरथरणारा, तळाशी आमिष ठेवून बसण्यासाठी.

किती तुकड्यांची, हे सुटकेस ठरवते. काठीची लांबी इंचांत घ्या, तुकड्यांनी भागा आणि सांध्यासाठी दोन इंच मिळवा. ११ फुटी काठी चार तुकड्यांत ३५ इंच होते. मोठ्या सुटकेसमध्ये तिरकी घातली तरी सहसा मावत नाही. तीच पाच तुकड्यांत २८ इंच, आणि १२ फुटी सहा तुकड्यांत २६ इंच. सुटकेसचा आतला कर्ण टेपने मोजूनच दुकानात जा. आत शेंडा मधोमध ठेवून तुकडे एकत्र बांधा आणि प्लंबिंगच्या पीव्हीसी पाइपात घाला. गळ आणि चाकू चेक-इनच्याच सामानात.

जितके सांधे जास्त तितकी तपासणी जास्त. दुकानातच काठी पूर्ण जोडा, मूठ धरून हलवा आणि दुसऱ्या हाताचे बोट एकेका सांध्यावर ठेवत जा. कुठे बारीकशी ‘टक’ लागली तर ती काठी परत द्या. दोन प्रकारचे सांधे दिसतील. एकात वरचा तुकडा खालच्यावर टोपीसारखा बसतो. तिथे बाहेरून गुंडाळलेला दोरा आणि त्यावरचे व्हार्निश तडकलेले नाही ना, पाहा, कारण नळी चिरू न देण्याचे काम तो दोरा करतो. दुसरा स्पिगॉटचा, म्हणजे आत भरीव खुंटी. तो पूर्ण बसल्यावरही दोन तुकड्यांमध्ये अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास फट उरली पाहिजे. पुष्कळ लोक फट पाहून काठी सदोष समजतात. खुंटी वापराने झिजते तसा वरचा तुकडा खाली सरकतो, त्यासाठीच ती जागा ठेवलेली असते. नव्या काठीतच फट नसेल तर झीज भरून काढायला जागाच नाही. कड्यांमधून कापसाची काडी फिरवून बघा. कापसाचा धागा अडकला तर आतल्या सिरॅमिकला तडा आहे.

सांध्यांना साध्या मेणबत्तीचे मेण हलके चोळावे. तरीही सांधा अडकलाच तर पकड लावू नका, कार्बन चुरडतो. थोडे खाली बसून काठी गुडघ्यांच्या मागे आडवी धरा, हात गुडघ्यांच्या बाहेरून सांध्याच्या दोन्ही बाजूंना, आणि गुडघे हळूहळू फाकवा. सरळ ओढ बसते आणि सांधा सुटतो.

एक गोष्ट जिवावरची आहे. कार्बनमधून वीज वाहते. तिकडे कालव्यांवरून तारा गेल्या असतील तिथे पाट्या असतात आणि तारांपासून ३० मीटर लांब बसायला सांगतात. आपल्याकडे पाट्या नसल्या तरी अंतर तेवढेच ठेवा, आणि वळवाचा गडगडाट सुरू झाला की काठी खाली ठेवून उठा.

परत आल्यावर हीच काठी मच्छिमार संस्थेच्या परवानगीने आपल्या धरणावरही चालते. कणकेच्या गोळीवर मृगळ आणि सायप्रिनस ती आरामात आणते. मोठा कटला असलेल्या पाण्यावर मात्र ती नेऊ नका. त्याला जाडी काठी आणि जाडे तंगूसच हवे.

आपला,
एक नियमित वाचक, नाशिक रोड