शिमग्याआधी लिहितोय

रत्नागिरी

ती. बाबा आणि ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

आई, काल फोन उचलताच तू विचारलंस, "गोळी घेतलीस का?" आणि मी चिडून फोन ठेवला. ते चुकलं माझं. पण का चिडलो ते फोनवर सांगायला जमत नाही.

तीन वर्षांपूर्वी मी स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या सोडल्या, तेव्हा तुम्हाला वाटलं कुणीतरी माझे कान भरले. तसं नव्हतं. त्या हॅलोपेरिडॉलच्या गोळीने माझं अंग लाकडासारखं ताठ झालं होतं. हात थरथरायचा, आंबे काढायची घळ धरवत नव्हती. त्याच्या आदल्या शिमग्याला पालखी नाचवताना माझे पाय उचलेनात, तेव्हा वाडीतल्या पोरांनी मला हळूच बाजूला घेतलं. कुणी काही बोललं नाही, पण मला ते फार लागलं. पुढच्या शिमग्याच्या आधी मी गोळी जिभेखाली धरून मागच्या दारी थुंकायला लागलो.

आणि बाबा, त्या वर्षी मी पालखी नाचवली! तुम्ही अंगणात उभे राहून बघत होतात. गोळी सुटल्याबरोबर आजार परत येत नाही, म्हणून तर माणूस फसतो. कानातले आवाज परत आले ते हापूस उतरायच्या दिवसांत. मग झोप गेली, रात्ररात्र कातळावर फिरणं सुरू झालं. पुढचं तुम्ही पाहिलंच आहे.

आई, एक गोष्ट आजवर बोललो नाही. तू सोलकढीत गोळी कुटून घालायचीस. वाटीच्या तळाशी पांढरी भुकटी मला दिसली. जेवणात कुणीतरी काहीतरी कालवतंय, हेच तर तेव्हा मला आजारात वाटत होतं, आणि ते खरंच निघालं. तू जिवाच्या आकांताने केलंस, हे आज कळतं. पण त्यानंतर कितीतरी महिने तुझ्या हातचा घास घशाखाली उतरत नव्हता. पुन्हा असं करू नकोस. मी गोळी नको म्हणालो तरी करू नकोस. डॉक्टरांना फोन कर.

आता रात्री एकच गोळी आहे, ओलान्झापिन. अंग ताठत नाही, पण भूक खवळते, सात किलो वजन वाढलंय. डॉक्टर वजन बघतात, रक्तातली साखर तपासतात. बर्फाच्या कारखान्यातून सुटलो की भाट्याच्या किनाऱ्यावर चालतो. आधीच्या गोळीने अंग ताठतं, हे मी स्वतः डॉक्टरांना सांगितलं तेव्हा गोळी बदलली. आधी सांगायला हवं होतं. पण तेव्हा डॉक्टरांच्या खोलीत तुम्हीच बोलायचात आणि मी खाली बघत बसायचो.

डॉक्टरांनी मला आकडा सांगितला. औषध थांबवलेल्या शंभर जणांपैकी साधारण ६४ जणांचा आजार वर्षभरात उलटतो, चालू ठेवलेल्यांपैकी साधारण २७ जणांचा. म्हणून मी गोळी घेतो. पण ते २७ लक्षात ठेवा. मला उद्या त्रास झाला, तर "चुकवलीस ना?" असं आधी म्हणू नका. त्यापेक्षा रोज विचारा, "झोप लागली का?" माझं बिघडायला लागतं ते झोपेपासून. दोन रात्री जागलो, तर मी लपवणार नाही.

देवीला गाऱ्हाणं जरूर घाला, मलाही त्याने धीर येतो. मात्र गोळ्या बंद करायला सांगणाऱ्या त्या भगताकडे पुन्हा जायचं नाही.

बाबा, तुमच्याकडे एक मागणं आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आपला प्रतिनिधी आपणच नेमता येतो. मी बिथरलो, माझं मला कळेनासं झालं, तर उपचारांबाबत माझ्या बाजूने त्याने बोलायचं. साध्या कागदावर लिहून सही केली की पुरतं, पण त्या माणसाची लेखी संमती लागते. मला तुमचं नाव घालायचंय. काय उपचार चालतील, काय नको, ते आधी बसून तुम्हाला सांगेन.

शिमग्याला चार दिवस रजा मिळाली आहे. कागद घेऊन येतो. आणि या वेळी पालखीला खांदा द्यायचा आहे, तेही डॉक्टरांना सांगून ठेवलंय.

तुमचा,
बाळू